समुद्रातली डबी

३ मार्च, सोमवार

समुद्रात! सगळ्याच्या सगळ्या डब्या समुद्रात!

सकाळपासून बसले होते. चष्मा चढवून, एकेक आकडा बोटाने दाबून. एवढं सगळं भरून झालं, 'नकाशावर दाखवा' दाबलं, तर किनारा सोडून पार आत, निळ्या पाण्यात लाल टिकल्याच टिकल्या. जमिनीवर एक नाही. मी कपाळाला हात लावला.

मुळात हे काम माझं नाहीच. सुनेचं. तिला सध्या हा नाद लागलाय. लोक म्हणे कुठे कुठे डब्या लपवून ठेवतात, त्या जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकतात, आणि दुसरे लोक ते आकडे घेऊन शोधत फिरतात. चांगली मोठी माणसं! डबी सापडली की आतल्या चिठ्ठीवर सही करायची आणि परत तिथेच ठेवून यायचं. बक्षीस काय? तर काही नाही. "मग शोधायची कशाला?" विचारलं, तर नुसती हसली.

"आई, तुम्ही घरीच असता. एवढे आकडे त्या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकून द्याल? मला दुकानातून वेळच होत नाही."

चष्म्याच्या दुकानात आहे ती. दिवसभर लोकांचे नंबर काढते. आणि मी घरीच असते हे खरंच आहे. खुब्याचं हाड मोडल्यापासून वॉकर धरून स्वयंपाकघर ते खिडकी, खिडकी ते स्वयंपाकघर. लिफ्ट आहे, पण मी उतरत नाही. ते चार पायांचं लोखंड घेऊन रस्त्यात मिरवू? छे!

४ मार्च

अजून पाण्यातच. आधीचा आकडा नंतर आणि नंतरचा आधी टाकून पाहिला. डब्या पार उत्तर ध्रुवाकडच्या बर्फाळ पाण्यात गेल्या. परत इकडच्या समुद्रात आणून ठेवल्या. निदान आपला समुद्र.

५ मार्च, बुधवार

जमलं! जमलं!! कोणाला सांगू? घरात कोणी नाही, म्हणून इथे लिहिते.

कागदावर अंश आहेत, मग मिनिटं, मग टिंब देऊन आणखी तीन आकडे. मी शहाणी, अंशानंतर टिंब देऊन मिनिटं तशीच पुढे चिकटवत होते. बावीस मिनिटं म्हणजे टिंब बावीस! आणि मी कोण? उभा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेला माझा. "तीन मिनिटं झाली, वाढवायचा का कॉल?" असं दिवसातून शंभरदा म्हणणारी बाई. मिनिटं साठाची असतात, शंभराची नव्हेत, हे मला कळू नये? लाज वाटली. बावीसला साठाने भागलं, टाकलं, आणि टुणकन टिकली जमिनीवर! नंतर दिसलं की वरच्या कोपऱ्यात 'अंश-मिनिटं' असा पर्यायच होता, तो निवडला की भागाकार करावाच लागत नाही. असू दे. मी भागाकाराने आणल्या.

संध्याकाळी तिला दाखवलं. "आई, तुम्ही म्हणजे कमाल आहात!" म्हणाली. बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

७ मार्च, शुक्रवार

आज नकाशा मोठा करून एकेक जागा नीट पाहिली. आणि काही कळेनासं झालं.

लपवायचं तर माणूस टेकडीवर लपवेल, झाडीत लपवेल, पडक्या भिंतीत लपवेल. या डब्या कुठे? एक दवाखान्याच्या मागच्या दाराशी. एक बँकेसमोर. एक औषधाच्या दुकानाच्या पार्किंगमध्ये. एक वाचनालयापाशी, ते एक ठीक आहे. आणि एक... मी तीनदा आकडे तपासले... एक वृद्धाश्रमाच्या फाटकाशी.

दवाखाना, बँक, औषधं, वृद्धाश्रम. हा खजिना आहे की माझं पुढचं आयुष्य?

शिवाय कागदावर शेवटच्या रकान्यात प्रत्येक जागेपुढे १ लिहिलंय. सगळीकडे १. पहिली पसंती असेल म्हणावं तर सगळ्याच पहिल्या कशा? दुकानात फोन करून विचारलं. "ते राहू द्या हो आई, ते माझं आहे," म्हणाली आणि घाईने ठेवून दिला. माझ्या मनात पाल चुकचुकली.

८ मार्च

चिरंजिवांचा महिन्याचा फोन.

इथे लिहून ठेवते, कारण बोलायची चोरी आहे. दोन वर्षांपूर्वी त्याने घटस्फोट घेतला. दुसरं घर केलं, दुसऱ्या गावात. मुलगा गेला आणि सून राहिली! कोणी विचारलं की कोण ही, तर मी 'सून' म्हणते. माजी सून असा शब्द तरी आहे का? ती राहिली तेव्हा मी विचारलं नाही का राहिलीस, तिने सांगितलं नाही. माझं हाड मोडलं तेव्हा दवाखान्यात रात्रंदिवस तीच होती. चिरंजीव फुलं घेऊन आले होते.

आज म्हणतो, "आई, तिचं तरी वय काय! उद्या तिने आपलं बघितलं तर तुझं काय? कागदावर ती तुझी कोणी नाही."

तुझ्यामुळेच नाही, गाढवा! हे म्हटलं नाही. "बरं," म्हटलं आणि फोन ठेवला. पण वाक्य डोक्यातून जाईना.

९ मार्च, रविवार

ती सकाळीच गेली, "जागा बघून येते" म्हणून. डबी शोधून येते नव्हे. जागा बघून येते.

आल्यावर हात धुवायला गेली. फोन टेबलावर होता, उघडाच. मी मुद्दाम नाही पाहिला, पण पाहिला. वृद्धाश्रमाचं फाटक. आतला रस्ता. बाग. बाक. आणि बाथरूम! आधाराला दांडी लावलेलं बाथरूम! शोधायला गेलेलं माणूस बाथरूमचे फोटो काढतं का?

"कसं आहे गं तिथे?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"छान आहे हो! स्वच्छ आहे. माणसंही बरी वाटली."

जेवण गेलं नाही. तिला सांगितलं पित्त झालंय.

१० मार्च

तिचं काय चुकतंय? काहीच नाही. तरुण आहे. मी तिची कोण? दुसऱ्याच्या आईला किती वर्षं कोणी सांभाळायचं? मीच तोंडाने म्हणायला हवं होतं, जा बाई, तुझं बघ. पण माझ्या तोंडून ते निघत नाही. नकोच आहे मला निघायला. ती संध्याकाळी दारात किल्ली फिरवते ना, त्या आवाजासाठी मी चारपासून खिडकीत बसते. झालं, लिहिलं एकदाचं.

मग दुपारी काय केलं तेही लिहिते. नकाशावरची टिकली माउसने धरून ओढता येते. वृद्धाश्रमाची टिकली धरली, ओढत ओढत किनाऱ्यापार नेली आणि खोल समुद्रात सोडली. जा!

१२ मार्च, बुधवार

पकडली गेले.

"आई, एक डबी समुद्रात कशी?"

"असेल. लपवणाऱ्यांचा काय भरवसा."

"नाही हो, ती वृद्धाश्रमाजवळची आहे. परत जागेवर घ्या ना. तीच तर सगळ्यात महत्त्वाची आहे."

सगळ्यात महत्त्वाची! मी गुपचूप परत आणली. एवढा भागाकार करून समुद्रातून वर काढली होती, तीच ही. कळत नाही मला. एवढं प्रेमाने बोलते, माझी गोळ्यांची डबी भरून ठेवते, पाठीला उशी लावते, आणि हे? की जायचं ठरलं म्हणूनच एवढं गोड वागतेय?

१४ मार्च

"आई, रविवारी तुम्हाला एका ठिकाणी न्यायचंय. नाही म्हणायचं नाही."

"कुठे?"

"आधी सांगितलं तर तुम्ही यायच्याच नाहीत. म्हणून सांगत नाहीये."

मी म्हटलं, येईन. माझाच आवाज मला परका वाटला.

१५ मार्च, शनिवार

बॅग भरली. चार कपडे, गोळ्या, कवळीचं भांडं, ही वही. नंतर कोणी आणून देईल न देईल. हे घर माझ्या नावावर आहे, नाही म्हणून ठणकावता येईल. पण नको. ओरडून थांबवलेलं माणूस घरात ठेवून काय करायचं?

चिरंजिवांना कळवलं नाही. त्याला बरोबर ठरल्याचा आनंद व्हायचा.

१६ मार्च, रविवार

कुठून सुरू करू!

बॅग वॉकरला अडकवली. "ही कशाला?" तिने विचारलं. "असू दे," म्हटलं. गाडीत मी बॅग मांडीवर धरून बसले. ती आपली गुणगुणतेय! मला राग आला, मग रडू आलं, मग खिडकीबाहेर बघत बसले. किती दिवसांनी रस्ता पाहिला.

गाडी थांबली ती त्याच फाटकाशी. रखवालदार पुढे आला, माझ्याकडे पाहिलं, बॅगेकडे पाहिलं, आणि तिला म्हणाला, "आजींना ठेवायचंय ना? फॉर्म ऑफिसात मिळेल."

ती हसायला लागली. "नाही हो, आम्ही डबी शोधायला..." आणि मध्येच थांबली. वळून बॅगेकडे बघितलं. मग माझ्याकडे. चेहराच उतरला तिचा.

"आई... तुम्हाला काय वाटलं?"

मी बॅग आणखी जवळ ओढली. आणि मग ती जी भडकली! भर रस्त्यात, रखवालदारासमोर! "वेड्या आहात का हो तुम्ही? त्या घरात मी कोणासाठी राहिलेय? भिंतींसाठी?" आणि तीच रडायला लागली. रखवालदार बिचारा उगाच फाटकाची कडी लावत-काढत राहिला.

तो १! तो १ म्हणजे वाट किती अवघड त्याचा नंबर. पाचपर्यंत असतो. पाच म्हणजे कडा चढा. एक म्हणजे पायरी नाही, चढ नाही, वॉकर जातो, चाकाची खुर्चीसुद्धा जाते. आख्ख्या गावातून तिने फक्त एकच्या जागा निवडल्या. अशा वाटा असणार कुठे? दवाखाना, बँक, वृद्धाश्रम! शिवाय प्रत्येक ठिकाणी आधी जाऊन पाहून आली, उतार खरंच आहे का. इथली सगळ्यात महत्त्वाची, कारण इथे बागेत बसायला बाक आहे, म्हणून सुरुवात इथून.

"आणि बाथरूम?" मी विचारलंच.

"तुम्हाला दर अर्ध्या तासाला लागतं, ते कोण बघणार?"

डबी मीच काढली, फाटकाजवळच्या बाकाच्या पायामागून. औषधाच्या बाटलीएवढी, आत गुंडाळलेली चिठ्ठी. मी सही केली. अक्षर गेलं वाकडं. तिने खाली सही केली आणि कंसात लिहिलं: सासू आणि सून. घ्या चिरंजीव, आहे कागदावर. दोघी बाकावर बसून राहिलो. येणारे-जाणारे वॉकरकडे बघत होते की नाही, ते बघायचं राहूनच गेलं.

येताना बॅग तिने उचलली. अजून रागावलेलीच आहे. गोळ्यांची डबी मात्र भरून ठेवलीय.

१७ मार्च

ती दुकानात गेल्यावर नकाशात आणखी एक जागा टाकली. अंश-मिनिटं नीट तपासून. नंबर २.

तिला अजून सांगितलेलं नाही.