एकशेदहाची गाठ

बाबा, तुमचं ओटीवरचं दुकान आज रिकामं केलं. तुमच्यामागे मीच ते चालवलं, जमेल तसं. पण आता रेडिओ दुरुस्तीला आणतो कोण, आणि माझी नजरही तुमच्याच वाटेने निघाली आहे. वरच्या फळीवर अगदी मागे तो खोका सापडला. दादाने बोटीवरून पाठवलेला, टीव्हीला जोडून खेळायचा तो अमेरिकन खेळ. तो जळाला त्या दिवसापासून तुम्ही दादाबद्दल एक गोष्ट खरी धरून बसलात आणि तीच घेऊन गेलात. ती खरी नव्हती, बाबा. दादा विसरला नव्हता. एवढंच सांगायचं आहे, पण तुमचंच म्हणणं होतं की वायर सरळ करायची तर दोन्ही टोकं हातात हवीत. म्हणून पहिल्या टोकापासून सांगते.

आपल्या दुकानात कुणी काही शिकवलं नाही, बघून बघूनच शिकायचं. मी सातवीत शाळा सोडली आणि तुमच्या शेजारी पाट टाकून बसले. दादा तर त्याआधीपासून. पहिली शिकवण गाठीची. मालवणात बोटीवरच्या माणसांची घरं बरीच, त्यामुळे बाहेरच्या देशातला माल यायचा, कुठला आपल्या दोनशेतीसच्या विजेवर चालणारा, कुठला एकशेदहाच्या. एकशेदहाचा माल हातात आला की तुम्ही आधी त्याच्या वायरीला गाठ मारायचात. गाठ असलेली वस्तू टेबलाखालच्या ट्रान्सफॉर्मरवर लावायची, काळ्या चिमट्यांना. गाठ नसलेली थेट, लाल चिमट्यांना. गाठ सोडायची ती माल गिऱ्हाइकाच्या हातात देताना, तीही तुम्हीच, आणि वर चिठ्ठी बांधायची. छापलेलं वाचायची आपल्याकडे रीतच नव्हती. मोतीबिंदू वाढला तसे तुम्ही वायर बोटांतून ओढून बघायला लागलात. वाण्याच्या दुकानातले काका खांबाला टेकून म्हणायचे, "लगनाची गाठ येक वेळ सुटात, मास्तरांनू, पण माझ्या टेपाची काय सुटणा नाय." तुम्ही मान वर न करता म्हणायचात, "लगनाची माझ्याकडे दुरुस्तीक येणा नाय."

पुढे दादाही बोटीवर नोकरीला लागला. मग ती तार आली. दादा बोटीवरून पडला, सापडला नाही. दर्भाचा पुतळा करून सगळे विधी केले. तुम्ही ओरोसच्या जिल्हा कचेरीत मृत्यूच्या दाखल्यासाठी एसटीने खेपा घातल्यात, तिथला कारकून म्हणाला, "बॉडी नाही, तर नोंद कशी करणार, आजोबा?" आणि तुम्ही घरी येऊन ते वाक्य जसंच्या तसं, त्याच शुद्ध भाषेत, आम्हाला सांगितलंत. कुणी रडलं नाही. मी त्या दिवशी तांदूळ निवडले एवढं आठवतं.

महिन्याभराने दादाचा सोबती खोका घेऊन आला. तो दादाच्या आधीच बोटीवरून उतरला होता आणि बातमी त्याला मुंबईत कळली. पायरीच्या खालीच उभा राहिला. "तेना माझ्याकडे दिल्यान ओ. तू आदी जातंस, बाबांका नेवन दी म्हणालो. हाडूक पाय उचलत नाय होते." आईने त्याला चहा दिला आणि मला म्हणाली, "तो खोको वर ठेव गो. माका बघूक नको." मी वर ठेवला. पावसाळा सगळा तो वरच होता.

नवरात्र झाल्यावर एका दुपारी जेवून हात पुसता पुसता तुम्ही म्हणालात, "तो खेळ काढ गो, बाय. लावया." मी खोका खाली घेतला. तुम्ही टीव्ही ओढून घेत होतात, तेवढ्यात मी एकेक वस्तू पुसून टेबलावर मांडत गेले. काळा डबा. त्याच्या पोटात घालायची कॅसेट. टीव्हीला जोडायची वायर. आणि एलिमिनेटर, ज्याला आता सगळे अडॅप्टर म्हणतात, त्याला दोन चपट्या पट्ट्या आणि मागे लांब काळी वायर. त्या वायरीला गाठ होती.

घट्ट गाठ, एलिमिनेटरपासून चार बोटांवर, आपल्या दुकानात मारतात तिथेच. मी ती नखांनी सोडवली. सोडवली, वायर अंगठ्याने सरळ केली, फडक्याने पुसली आणि ठेवून दिली. हात फिरे तिथे लक्ष्मी वसे म्हणतात, माझा हात फिरला तो असा.

तुम्ही टीव्हीमागचे दोन स्क्रू ढिले करून अँटेनाची चपटी वायर काढलीत आणि तिथे खेळाची वायर लावलीत, सगळं चाचपून. मग एलिमिनेटर हातात घेतलात. वायर बोटांतून ओढलीत, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश. पुन्हा एकदा ओढलीत.

"गाठ नाय गो?"

"नाय," मी म्हटलं.

तुम्ही लाल चिमटे लावलेत.

चित्र आलं, बाबा, हे तुम्हीही बघितलंत. चॅनलचं बटण फिरवता फिरवता आधी मुंग्या, मग वरून खाली धावणाऱ्या पट्ट्या. तुम्ही मागची खुंटी हळूहळू फिरवलीत आणि पट्ट्या थांबल्या. काळ्या पडद्यावर दोन पांढऱ्या काठ्या आणि मधे एक ठिपका, इकडून तिकडे जाणारा. आवाज नाही. तुम्ही पडद्याला नाक लावून बघत होतात. आई दारात येऊन उभी राहिली, पदर तोंडाला लावून. "ह्यां काय ता?" म्हणाली. "तुझ्या झिलान धाडल्यान ता," तुम्ही म्हणालात, आणि तुमचा चेहरा त्या उजेडात पांढरा दिसत होता. तार आल्यापासून तुम्ही पहिल्यांदा हसलात तेव्हा. मग व्हार्निश जळाल्याचा वास आला. मी चिमटे ओढले, पण ठिपका तोवर गेला होता. एलिमिनेटर हात लावता येणार नाही इतका तापलेला. तुम्ही म्हणालात, काय छापलाय ता वाच. मी वाचलं. एकशेवीस, म्हणजे आपल्या हिशेबात एकशेदहाचाच माल.

तुम्ही ती वायर पुन्हा एकदा बोटांतून ओढलीत. मग म्हणालात, "इतकी वर्सां दुकानात काढल्यान, आणि एक गाठ मारूक इसारलो." मी तिथेच उभी होते. तोंड उघडायला तीच वेळ होती. आणि मग तुम्ही सावकाश, कुणाला दोष न देता, जणू रेडिओतला बिघाड सापडावा तसे म्हणालात, "थंय बोटीर पण असोच इसारलो आसतलो कायतरी."

झालं, तुमच्यापुरतं कारण मिळालं. त्यानंतर कुणी विचारलं की मुलगा कसा गेला, तर तुम्ही म्हणायचात, "बेफिकीर होतो." आई ऐकून आत जायची. मी वायरी सोलत बसायचे. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, माझ्या मुठीत काय होतं ते मलाच ठाऊक. मी मनाशी म्हणायचे, तुम्ही विचारलंत तेव्हा गाठ नव्हतीच, मी खोटं कुठे बोलले. ह्या एका वाक्यावर मी इतकी वर्षं काढली. तुमच्या शेवटच्या आजारात, पेज भरवताना, तुम्ही माझी बोटं चाचपून म्हणालात, "तुझो हात सावध आसा. तेचो नाय होतो." मी पुढचा चमचा भरला.

दादा सावध होता, बाबा. तो कुठल्यातरी बंदरात तो खेळ विकत घेऊन आपल्या बिछान्यावर बसला असेल, आणि तुमच्या डोळ्यांना अक्षर दिसणार नाही हे आठवून त्याने वायरीला गाठ मारली. तो कसा पडला हे मला माहीत नाही, तुम्हालाही नव्हतं. पण गाठ होती.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, त्याच खोक्यात घालते आहे. आताच ती वायर काढून बघितली. कडक झाली आहे. गाठ मारायला गेले तर तुटेल, म्हणून मारली नाही. आणि एक राहिलं. वर लिहिलं की हात फिरला, ते पूर्ण खरं नाही. मला दिसताक्षणीच कळलं होतं, गाठ दादाच्या हातची आहे. ट्रान्सफॉर्मर, लाल, काळे, काहीच मनात आलं नाही. त्याने घट्ट केलेलं काहीतरी आपल्या बोटांखाली यावं, एवढंच वाटलं. सुटायला बराच वेळ लागला. मला तेव्हा बरं वाटलं होतं.