नॉक्टर्नमधले अकरा सेकंद

ती. मावशीस,

चष्मेवाल्या भाच्याचा (ज्याचं नाव तुझ्या घरात काढायचं नाही असं ठरलंय, त्याचाच) दंडवत. तुझे गुडघे कसे आहेत? काकांचा खोकला गेला का? आणि पियानो? सात महिने तू त्याचं झाकण उघडलेलं नाहीस, वर इस्त्रीचे कपडे ठेवतेस, असं आई सांगते. हे माझ्या जिभेमुळे झालं. तुझ्या घरच्या मैफलीत, सगळ्या शिष्यांदेखत, "मावशी, मधे थांबायला धीर लागतो, तो तुझ्यात नाही," असं मीच म्हणालो होतो. हे पत्र त्याबद्दलच आहे, पण जरा वळसा घेऊन येतो.

आमचं श्रवणमंडळ दर रविवारी सकाळी दंतवैद्यांच्या दवाखान्यात भरतं. (आम्ही बाकांवर, अध्यक्ष स्वतः दात काढायच्या खुर्चीत.) गेल्या रविवारी तुझं आवडतं नॉक्टर्न, म्हणजे ती रात्रीची हळवी चीज, पाच वादकांच्या रेकॉर्डिंगमधून ऐकायची आणि मग पाचही जणांची सालं काढायची, असा बेत होता. आमच्यापैकी कुणालाच पियानो वाजवता येत नाही, त्यामुळे निःपक्षपातीपणा शाबूत राहतो. पहिला वादक खाली टॅक्सी थांबवून आल्यासारखा घाईत. दुसरा प्रत्येक सुराआधी इतका उसासतो की चीज संपेपर्यंत आपलं वय वाढतं. तिसरीच्या डाव्या हाताने उजव्याशी अबोला धरलेला. चौथ्याबद्दल आमचे चिटणीस (धंद्याने शिंपी) म्हणाले, शिलाई उत्तम, पण कापडच नाही. आम्ही माना डोलावल्या. अर्थ मी नंतर विचारणार होतो.

पाचवं माझं. जुन्या कॅसेटवरून उतरवलेलं, लेबल कधीच गळून पडलेलं, वादक अज्ञात. तीस वर्षं मी जगातल्या झाडून सगळ्या पियानोवाल्यांना याच फूटपट्टीने मोजत आलोय. कारण मध्यावर, सूर अगदी टोकाला गेल्यावर, हा महात्मा थांबतो. अकरा सेकंद! छापील स्वरलिपीत तिथे थांबायला सांगितलेलं नाही, दुसरं कुणी थांबतही नाही. (तूसुद्धा थांबली नाहीस, आणि तिथेच माझी जीभ घसरली.) त्या अकरा सेकंदांवर मी वीस मिनिटं बोललो. विरह, एकाकीपणा, मायभूमीची ओढ, सगळं त्यात कोंबलं. शिंप्यांनी डोळे पुसले. मग अध्यक्षांनी फर्मान काढलं की ही शांतता त्यांच्या नव्या स्पीकरवर पूर्ण आवाजात ऐकायची.

माझ्या जुन्या डबड्यावर तिथे नुसती खरखर यायची. नव्या स्पीकरवर त्या खरखरीतून एक बाई स्वच्छ मराठीत ओरडली, "अरे गाढवा, दूध उतू गेलं!" मग स्टूल सरकलं, पावलं वाजली, गॅसची कळ फिरली आणि माझाच कॉलेजातला आवाज आला, "टेप चालू आहे गं, वाजव तू." सूर पुन्हा सुरू.

अध्यक्ष सावरून म्हणाले, हे वादकाच्या मराठी काळातलं रेकॉर्डिंग दिसतंय. शिंप्यांना मात्र एकाएकी आठवलं की त्यांना ठेका पहिल्यापासूनच कच्चा वाटत होता.

मावशी, मला सगळं आठवलं. तुझं वाजवणं उतरवून घ्यायला मीच टेप घेऊन आलो होतो, आणि दुधाकडे बघायचं काम माझं होतं. ज्या थांबण्यासाठी तुला चारचौघांत बोललो, तो माझा निष्काळजीपणा होता. ज्या हातांना धीर नाही म्हणालो, त्याच हातांवर तीस वर्षं जीव टाकत होतो. फार लाज वाटतेय. चुकलो, माफ कर.

तुझा,
गाढव (ध्वनिमुद्रित पुराव्यानुसार)

ता. क. बाई कोण, हे मंडळाला सांगितलेलं नाही. गाढव कोण, हे सगळ्यांनी ओळखलं.

ता. क. २. घरी येऊन पाचही पुन्हा ऐकली. ते चौघे तिथे थांबत नाहीत हेच बरोबर, एवढं आता कळतं. तरी माझं मन अजून त्या अकरा सेकंदांतच अडकतं, त्याला माझा इलाज नाही. म्हणून या रविवारी मंडळ बुडवून तुझ्याकडे येतोय. झाकणावरचे इस्त्रीचे कपडे तेवढे उचलून ठेव. दूध मीच आणतो, गॅसवर मीच ठेवतो आणि या खेपेला तिथून हलत नाही. तू न थांबता वाजव.