बाजूने चालणाऱ्या नातेवाइकाबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
श्रमसाधना रुग्णालय, भिलाई (म.प्र.)

विषय : नातेवाईक हजर नसतानाही वॉकर मिळण्याबाबत.
संदर्भ : हाडांच्या वॉर्डाच्या दारावरील आपली सूचना.

महोदय,

अर्जदार टिकाराम नत्थूजी कापगते, राहणार कॅम्प-1, सध्या खिडकीजवळची खाट, सविनय सादर करतो की, आपण भंडाऱ्याकडचे असल्याचे कळल्यावरून हा अर्ज मराठीत केला आहे. हिंदीत अर्जदाराला मनातले लिहिता येत नाही.

1. अर्जदाराचे खुब्याचे हाड मोडून ऑपरेशन झाले. डॉक्टरसाहेबांचा हुकूम रोज चालण्याचा आहे आणि सूचनेचा हुकूम, बाजूला नातेवाईक असल्याशिवाय वॉकर देऊ नये, असा आहे. रुग्ण पडू नये हा हेतू चांगलाच आहे. परंतु अर्जदार दिवसभर खाटेवरच असल्याने पडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

2. अर्जदाराची पत्नी मनकर्णा हयात नाही. मुलगा राउरकेल्यास कारखान्यात असून, सुटी मंजूर होताच येतो असे कळवत असतो. कारखान्यात सुटी कशी मिळते हे अर्जदारास ठाऊक आहे, म्हणून त्याच्याविरुद्ध तक्रार नाही.

3. शेजारच्या खाटेवरील देवराव यांच्या पत्नी ठकूबाई, पतीला चालवून झाल्यावर अर्जदारालाही व्हरांड्याच्या टोकापर्यंत नेत. "कावून घाबरता, भाऊ? मी आहो ना बाजूले," असे म्हणत. त्यांनी भाऊ म्हटल्यावर गावाकडच्या रीतीप्रमाणे त्या बहीण झाल्या, आणि वॉर्डाच्या बाबूंनी विचारले तेव्हा अर्जदाराने तेच सांगितले. पुढे देवराव बरे होऊन घरी गेले व त्यांच्याबरोबर बहीणही गेली. यावरून बाबूंनी नाते खोटे ठरवले आणि वॉकर कपाटात ठेवला. नाते खोटे नव्हते, याची कृपया नोंद घ्यावी.

4. पाय आखडत चालला आहे. असेच राहिल्यास तो कायमचा जाईल, असे डॉक्टरसाहेब म्हणतात. भेटीच्या वेळी प्रत्येक खाटेभोवती माणसे असतात, तेव्हा अर्जदार भिंतीकडे तोंड करून झोपेचे सोंग घेतो. फार एकटे वाटते. हे कोणत्या खात्याकडे कळवावे हे माहीत नसल्याने येथेच लिहिले आहे.

तरी अर्जदारासच अर्जदाराचा नातेवाईक समजून वॉकर देण्यात यावा. त्यास इतक्या वर्षांपासून ओळखणारे आता भिलाईत दुसरे कोणी नाही. हे नियमात बसत नसेल, तर भेटीस आलेल्या कोणाच्याही नातेवाइकास, परत जाताना व्हरांड्याच्या टोकापर्यंत अर्जदाराच्या बाजूने चालण्याचा हुकूम व्हावा. त्याच्यावर बोलण्याची सक्ती नसावी.

आपल्या हुकमाची वाट पाहणारा, नम्र,
टिकाराम नत्थूजी कापगते
भिलाई, दि. 19 जानेवारी 1987