निरोगी-२

४ फेब्रुवारी

हे काय भलतंच! कोरोना रुग्णांच्या रक्तातल्या एकेका पेशीत कोणता जनुक कोणाच्या जोडीनं जागा होतो, त्याचं जाळं मी वर्षभर जुळवतेय. विषाणू शरीरात शिरल्या शिरल्या जे जाळं जागं होतं, ते आज लख्ख दिसलं — पण 'निरोगी-२'मध्ये! म्हणजे तुलनेसाठी घेतलेल्या ठणठणीत माणसाच्या रक्तात!

सर खुर्चीतून उठलेच. "नळ्यांची अदलाबदल झाली असणार. शहानिशा कर, मग फेकून दे."

५ फेब्रुवारी

रक्ताच्या नमुन्यांची ही खेप दोन वर्षांपूर्वीची. तेव्हा निरोगी रक्त कुठून आणणार? प्रयोगशाळेतल्या आम्ही चौघांनीच बाह्या वर केल्या. सुई टोचणारा चश्मिस मला म्हणाला, "डोळे मीट बाई, नाहीतर तुझा चेहरा बघून मलाच चक्कर येईल." नळ्यांवर नावं नाहीत, नुसते आकडे.

तो शुक्रवार पक्का आठवतो. तिथून थेट बाबांकडे जेवायला गेले आणि तिथेच राहिले. शनिवारी दादा प्रवासातून आला — खोकत. रविवारी मी गॅसपाशी उभी असून दूध करपलं, धावत आला तो दादाच. मंगळवारी बाबांना ताप. सोळाव्या दिवशी बाबा गेले.

"तुझ्यामुळे गेले!" दादाला तोंडावर म्हणाले मी. तो सांगत राहिला, माझी तपासणी निगेटिव्ह आलीय गं. मी कानावर घेतलं नाही. तेव्हापासून अबोला.

६ फेब्रुवारी

शहानिशा सोपी. एक जनुक फक्त बायकांच्या पेशींत जागा असतो. त्या खेपेतले रुग्ण झाडून सगळे पुरुष. आम्हा चौघांतही बाई एकच — मी. तो जनुक झोपलेला निघाला की सुटले!

बटण दाबलं. पडद्यावर एकेक पेशी म्हणजे एकेक ठिपका; जनुक जागा असेल तर लाल. ठिपक्यांमागून ठिपके लाल होत गेले.

पुन्हा चालवून पाहिलं. तेच! साधी शिंकसुद्धा आली नव्हती मला!

सरांनी विचारलं, "काय निघालं?" बघतेय म्हणाले.

७ फेब्रुवारी

कामावर गेले नाही.

८ फेब्रुवारी

दादाला फोन लावला. एका दमात सगळं सांगून टाकलं. तो म्हणाला, "दूध करपलं तेव्हाच कळलं होतं मला. घरभर धूर, आणि तुला वासच नाही."