इंजिनाच्या नाकावरचं टोपलं

माय, नातवानं काल ट्रॅक्टरच्या हवेच्या पाइपावर बाजारातून आणलेलं नवं टोपण बसवलं. काळं, गुळगुळीत, आत बारीक जाळी. पाना फिरवता फिरवता मला शिकवत होता, "आबा, आता भुसा-कुटार आत जात नाही." मी मान हलवली, पण राहवलं नाही. म्हणालो, "लेका, हे काम आपल्या घरात तुझ्या पणजीनं कधीच करून ठेवलं." तो नुसता हसला. त्याला वाटलं, म्हाताऱ्यानं एक थाप सोडून दिली. म्हणून रागारागानं लिहायला बसलो. तुला वाचता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक ओळ मोठ्यानं म्हणतोय, आणि सूनबाई दोनदा दारातून डोकावून गेली.

सत्तर सालाच्या पुढची ती वर्षं. शेठचं वाशीमला कापडाचं दुकान आणि अनसिंगच्या अंगाला शेती. त्यांनी ट्रॅक्टर घेतला आणि तो माझ्या हाती दिला. बाबा गेले होते, तू खळ्यावर उपणायला जायचीस, आणि आपल्या वस्तीतला मी पहिला ड्रायव्हर. हे कित्येकांच्या पोटात दुखत होतं. ज्वारीच्या मळणीला ट्रॅक्टर एका जागी उभा करायचा आणि त्याच्या पट्ट्यावर मळणीयंत्र चालवायचं. यंत्रातून उडालेलं कुटार सगळं इंजिनाच्या हवेच्या पाइपावर यायचं. पाइपाची जाळी बुजली की इंजिन काळा धूर ओकायचं, जोर जायचा, काम थांबायचं. धूळ आत जाऊन एकदा तर अख्खं इंजिन खोलावं लागलं. शेठ म्हणाले, "आता पुन्हा खोलावं लागलं तर मी बाहेरचा ड्रायवर आणीन बाप्पा. वाईट नको वाटून घेऊ." पारावर कोणीतरी हेही म्हणालं, की गादीवर बसलं म्हणजे ड्रायवर होत नसते. ते तुझ्या कानावर आलं होतं. तू मला सांगितलं नाहीस, पण त्या दिवशी भाकरी थापताना परातीचा आवाज जरा जास्तच येत होता.

अजून दिसतं, त्या रात्री मी चुलीपाशी बसलो आहे. तू विचारतेस, "ते इंजिन हवा कायनं घेते?" मी कोळशानं जमिनीवर पाइप काढून दाखवतो. तू बघतेस, भाकरी उलटतेस आणि म्हणतेस, "मंग नाकाले फडकं बांद त्याच्या. आमी उपणतानी बांदतो का नाही?" मला हसू आलं. पण दुसरं काही सुचतही नव्हतं. सकाळी तू आणलेला मादरपाटाचा तुकडा पाइपाच्या तोंडावर ताणून बांधला आणि मळणी सुरू केली. थोड्याच वेळात फडकं आत ओढलं गेलं, इंजिन धापा टाकायला लागलं आणि धूर पहिल्यापेक्षा काळा. मजूर हसले. इंजिन बंद करून मी तुझ्याकडे असं पाहिलं, जसं काही सगळं तूच बिघडवलंस.

तू मात्र फडकं सोडून उजेडात धरलंस. "चिकटलं हे. आमी बांदतो तवा नाकापाशी जागा ठेवतो. तू त्याचं नाकच दाबून टाकलं, श्वास कुठून घीन ते?" मग तू खळ्यावरचं एक मोठं, विरळ विणीचं टोपलं उचललंस, पालथं घातलंस आणि मादरपाट त्याच्यावर मढवायला बसलीस. दाभण, सुतळी आणि तुझे ते ज्वारीच्या पात्यांनी चिरलेले हात. टोपलं पाइपावर असं बसवलं की पाइपाचं तोंड आत मधोमध मोकळं राहिलं, आणि खालून कापड पाइपाला आवळून बांधलं. दिसायला म्हणशील तर ट्रॅक्टरनं बाशिंग बांधल्यासारखं.

तेवढ्यात शेठ आले. "हे काय हो बाई? टोपलं कायले?" तू म्हणालीस, "सांजच्याले पाहा शेठजी." आणि झटकन घरी जाऊन आलीस. जयंतीला नेसायच्या पांढऱ्या लुगड्याची एक पट्टी फाडून आणली होतीस. ती तू टोपल्याच्या आत, पाइपाच्या जाळीला एका बाजूनं बांधायला लावलीस. एकच चांगलं लुगडं होतं तुझं. मी काही बोलायच्या आत म्हणालीस, "कुटार आत गेलं तर पांढऱ्यावर दिसीन. चाल, लाव इंजिन."

दिवसभर यंत्र चाललं. धूर नाही, धाप नाही. मी दर घडीला पाइपाकडे बघत होतो, तू एकदाही बघितलं नाहीस. संध्याकाळी टोपलं उतरवलं. वरचं कापड कुटारानं तपकिरी झालेलं, आतली पट्टी पांढरीच. तू ती सोडवून स्वतः शेठच्या हातात दिलीस. कापडाचे व्यापारी ते, त्यांनी पट्टी उलटसुलट केली, बोटांत चोळली, उजेडाला धरली. मग म्हणाले, "ड्रायवर हाच राहीन. अन् बाई, अजून एक टोपलं करून ठेवा." इतका अभिमान मला पुढे कशाचाच वाटला नाही माय, स्वतःचा ट्रॅक्टर घेतला तेव्हाही नाही.

घरी जाताना मी तुला मडगार्डवर बसवलं. ज्या ओट्यांसमोरून तू जन्मभर डोक्यावर भारा घेऊन कडेकडेनं गेलीस, त्याच रस्त्यानं. ओट्यावरची माणसं बोलायची थांबली. तू पदर सावरत म्हणालीस, "इतकं हळू काहून चालवून राह्यला?"

मी म्हणालो, "इंजिन गरम झालं."

इंजिन गरम नव्हतं, माय. सगळ्यांनी तुला नीट पाहावं, एवढंच मला हवं होतं.