जिभेमागची सावली

६ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

पत्र घरी न पाठवता तुझ्या दातांच्या लॅबच्या पत्त्यावर धाडलं आहे, तेव्हा हे आईच्या हाती पडायला नको एवढं तू ओळखलं असशीलच. फोन केला असता, पण घरी फोन वाजला की ती तुझ्या खांद्याला खांदा लावून उभी राहते, आणि लॅबमध्ये त्या मशीनच्या घरघरीत तुला माझं अर्धंच ऐकू येतं. शिवाय दिवसभर कोर्टात दुसऱ्यांचं बोलणं इकडून तिकडे पोचवल्यावर स्वतःसाठी बोलायला माझं तोंड उघडत नाही. लिहिताना जरा धीर येतो.

गोष्ट अशी की माझ्या जिभेखाली, पुढच्या दातांच्या लगेच मागे, एक गाठ लागते आहे. दुखत नाही. एका लांबलचक साक्षीचं भाषांतर करताना जीभ सारखी तिथे अडायला लागली, तेव्हा लक्षात आलं. कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंनी बोटाने चाचपून पाहिलं. त्यांचा चेहरा अजिबात बदलला नाही, त्याचीच मला जास्त भीती वाटली. त्यांनी एमआरआय करायला सांगितलं. तो केला, तर चित्रात बाकी सगळं स्वच्छ आणि नेमकं गाठीच्या जागी काळं भगदाड. कारण माझी तार. चाळिशीला टेकल्यावर मी दात सरळ करून घेतले आणि तू मला कुंपणवाली म्हणायला लागलास, त्यानंतर दात पुन्हा जागा सोडू नयेत म्हणून खालच्या दातांना आतून जी बारीक स्टीलची तार चिकटवली, ती. त्या यंत्रातल्या चुंबकापुढे स्टील आलं की आजूबाजूचं चित्र बिघडतं म्हणे. आता तार काढून पुन्हा स्कॅन करायचा आहे.

दातांचे डॉक्टर म्हणाले की तार काढायला काहीच अडचण नाही, पण माझे दात हट्टी आहेत, मोकळे सोडले तर लवकरच एकमेकांच्या अंगावर चढायला लागतील. आणि गाठ कसलीही निघाली तरी पुढे कितीतरी वर्षं असे स्कॅन करत राहावे लागणार, म्हणजे तीच तार परत लावण्यात अर्थ नाही. एवढी मोठी काळजी समोर असताना ही दातांचं काय घेऊन बसली, असं तुला वाटेल. पण गाठीचं मला काही करता येत नाही. दातांचं येतं. अर्धं आयुष्य तोंडावर हात ठेवून हसले आहे, आणि आता माझं काम असं की भरलेलं कोर्ट माझ्या तोंडाकडे बघत असतं.

तू दिवसभर हेच बनवतोस. स्टीलशिवाय काही आहे का, ते सांग. आईला यातलं अक्षर कळू देऊ नकोस. तुझी दाढी अजून तशीच असेल तर ती काढ.

माझ्यावर जीव आहे तसाच असू दे.
ताई

११ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून मी जिन्यात जाऊन बसलो. बऱ्याच वेळाने परत आलो तेव्हा मशीनने एक अख्खी दाढ घासून संपवली होती आणि ती भलत्याच माणसाची होती. मला धीर देता येत नाही, तुला माहीत आहे. दात देता येतात. म्हणून दातांचंच लिहितो.

स्टीलला आज सगळे नावं ठेवतात, पण सगळ्यांत जास्त तोंडांत तेच बसलं आहे, आणि उगाच नाही. बारीक तारा एकत्र पिळलेल्या असतात, त्यामुळे ती लवचीक असते, डॉक्टर हातानेच वाकवतात, तुटली तर तिथल्या तिथे जोडतात. कधीकधी पीळ सुटून दातालाच ढकलते, तेवढा तिचा खोडसाळपणा. त्यापेक्षा नेटकी म्हणजे निकेल-टायटॅनियमची. कॉम्प्युटरवर आखायची आणि पातळ पत्र्यातून लेझरने कापून काढायची, दातांच्या खाचाखोचांत अशी बसते की डॉक्टरांना वाकवावीच लागत नाही. चित्रातली सावली ती स्टीलपेक्षा पुष्कळ कमी पाडते. पण थोडी पाडतेच, आणि तुझी गाठ अगदी तिच्या पाठीला पाठ लावून आहे. काचेच्या धाग्यांची पट्टी असते, तिच्यात धातू नाही, पण ती दातांना इतकं जखडते की एखादा दात जरा हलला की तडकते. झिर्कोनिया दिसायला देखणा आणि स्वभावाने ताठ. मोडला की मोडला, दुरुस्ती नाही.

राहतं पीक. शेतातलं नव्हे. हे एक चिवट प्लॅस्टिक आहे, मणक्याच्या ऑपरेशनमध्येसुद्धा वापरतात. त्याच्या जाड चकतीतून मशीन नेमका आकार कोरून काढतं. एमआरआयला त्याचा काही त्रास नाही. खोटं सांगत नाही, स्टीलइतका वर्षानुवर्षांचा अनुभव याच्या मागे नाही, आणि हे तारेपेक्षा जाड होतं. तरी तुझ्यासाठी मी हेच निवडेन. तुझ्या डॉक्टरांना पटत असेल तर त्यांनी तार काढल्यावर तो पेनासारखा कॅमेरा तोंडात फिरवून फाईल मला पाठवावी. तोवर त्यांनी एक पारदर्शक साचा दिला तर तो घालून ठेव. डब्यात नव्हे, दातांवर.

आईला काही बोललेलो नाही. पण ती माझ्याकडे बघते आहे. दाढी काढली, म्हणून असेल.

पुढचं लगेच कळव. तुझा लोभ मला आत्ता फार हवा आहे.
तुझा बारक्या

२७ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

डॉक्टरांना तुझं म्हणणं पटलं. तार निघाली. इतक्या वर्षांनी जीभ तिथे गेली तर घरातलं कपाट हलवल्यासारखं वाटलं, नुसती गुळगुळीत भिंत. दुसऱ्या स्कॅनचं चित्र स्वच्छ आलं. गाठ दिसली, लहान आहे, कडा नीट आहेत. सुईने तपासणी केली, पण त्यावरून नक्की सांगता येत नाही. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं की या जागेच्या गाठी बऱ्याचदा वाईट निघतात, म्हणून काढूनच बघायची. ऑपरेशन पुढच्या महिन्यात. हे वाक्य मी तीनदा लिहिलं, आता लिहून झालं.

तुझं पार्सल पोचलं. बसलं इतकं चपखल की डॉक्टर दोनदा तुझ्याबद्दल विचारत होते. कायमचं चिकटवण्याआधी त्यांनी दोन ठिकाणी जरासं अडकवून आठवडाभर वापरून बघायला सांगितलं, हे देवासारखं झालं. बारक्या, मी शिट्टी वाजवते. प्रत्येक स ला. काल साक्षीदाराच्या तोंडी असं वाक्य आलं की सासऱ्यांनी सगळ्यांसमोर सहा कागदांवर सह्या केल्या. मी ते अत्यंत प्रामाणिकपणे सांगितलं, आणि न्यायाधीशांनी शिपायाला विचारलं की खिडकी नीट लागली नाही का. मी मान खाली घातली. मग माझा हात आपोआप तोंडावर गेला, आणि ते मात्र मला सहन झालं नाही. घरी येऊन रडले. गाठीसाठी एकदाही रडले नव्हते, ते सगळं त्या स च्या नावावर जमा झालं.

हे पातळ होऊ शकतं का? नसेल तर तसं सांग, मी दुसरं काहीतरी शिकेन.

तुझ्यावरचं माझं प्रेम शिट्टीसकट घे.
ताई

४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

होऊ शकतं. व्हायलाच हवं होतं. आकार आखताना सारखं मनात येत होतं की हे मोडलं तर, उद्या ऑपरेशन करावं लागलं आणि त्यात निघालं तर, तुझ्या घशात गेलं तर. आणि प्रत्येक वेळी मी त्याची जाडी जराशी वाढवत गेलो. दुसऱ्या कुणाचं असतं तर डोकं ठिकाणावर ठेवून केलं असतं. शिवाय ते दातांच्या टोकाकडे फार वर बसलं होतं. तुझी जीभ नेमकी तिथेच टेकते.

आता खाली घेतलं आहे, पण हिरडीपासून ब्रश फिरण्याइतकं मोकळं. दोन दातांच्या मधे पातळ केलं आहे, दाताच्या मधोमध पकड ठेवली आहे, कडा सगळ्या गोल. आतली बाजू वाळूच्या बारीक फवाऱ्याने खरखरीत केली आहे, कारण हे प्लॅस्टिक इतकं गुळगुळीत असतं की गोंद त्याला ओळख देत नाही. पण नुसतं स्क्रीनवर बघून या वेळी माझा विश्वास बसेना. म्हणून माझ्या स्वतःच्या दातांची फाईल काढून तंतोतंत तसंच एक कोरलं, शेजारच्या क्लिनिकमध्ये अडकवून घेतलं आणि घरी वर्तमानपत्र मोठ्याने वाचायला बसलो.

तिथेच सगळं उघडं पडलं. आई स्वयंपाकघरातून आली आणि म्हणाली की तू वर्तमानपत्र कधी मनातसुद्धा वाचत नाहीस, आज हे काय चाललं आहे. मी म्हटलं, कामाचं आहे. तिने मला तोंड उघडायला लावलं, दिव्याखाली नेऊन बघितलं आणि एवढंच विचारलं की हे कोणासाठी आहे. ताई, मला खोटं बोलता आलं नाही. सगळं सांगितलं. तिने खुर्चीची पाठ धरली. मग विचारलं की तिला गिळताना दुखतं का. मी नाही म्हटल्यावर ती बसली. तिची चिठ्ठी सोबत आहे. मी वाचलेली नाही, तिने डिंकाने चिकटवून दिली.

माझे स मात्र चांगले आले. आईच म्हणाली.

रागावली असशील तर एवढं माफ कर आणि माया कमी करू नकोस.
तुझा बारक्या

चि. बडबडीस,
अनेक आशीर्वाद.

मला सांगितलं नाहीस त्याचा राग आला आहे. तो मी नंतर काढीन, आत्ता वेळ नाही. तू लहानपणी ताप आला तरी बरी आहे म्हणून सांगायचीस आणि मी तुझ्या कपाळाला हात लावून बघायचे. एवढ्या लांबून मला हात लावता येत नाही. म्हणून मी येते आहे. नको म्हणून लिहू नकोस, ते पत्र पोचेल तेव्हा मी तुझ्या दारात असेन. जास्तीची उशी आहे का ते बघून ठेव, तुझ्या उशा दगडासारख्या आहेत. तोंडावर हात ठेवून हसायची सवय मी मोडू शकले नाही, ती तू स्वतः मोडलीस. ती परत लावून घेऊ नकोस.

सुखी राहा. मी आहे.
आई

३० मार्च

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

आधी तेच लिहिते. गाठ साधी निघाली. पूर्ण निघाली, कडांना काही नाही, पुढे औषध नाही, काही नाही. डॉक्टरीणबाईंचा तो न बदलणारा चेहरा सांगताना बदलला, म्हणून मला शब्द ऐकायच्या आधीच कळलं. आई त्यांचा हात धरून उभी राहिली आणि सोडेचना, त्यांना दुसऱ्या पेशंटकडे जायचं होतं.

ऑपरेशनच्या आधी दातांच्या डॉक्टरांनी तुझं नवीन कायमचं बसवलं होतं. ऑपरेशनमध्ये त्याला धक्काही लागला नाही. पहिले काही दिवस मला बोलायची बंदी होती, तेव्हा आईने माझी दुभाषी व्हायचं ठरवलं. मी पाण्याकडे बोट दाखवलं की ती नर्सला सांगायची की हिला थंडी वाजते आहे. मी हात जोडून गप्प बस म्हटलं की सांगायची की ही तुमचे आभार मानते आहे. कोर्टात असं भाषांतर झालं असतं तर अर्धं गाव तुरुंगात गेलं असतं.

काल बोलायची परवानगी मिळाली. जीभ अजून जड आहे. मी खिडकीपाशी उभी राहून सासरा, साक्ष, सही म्हणून बघितलं. शिट्टी नाही. आई आतून ओ देत आली, तिला वाटलं मी तिलाच बोलावते आहे.

तुला फोन येईलच, आईने ठरवलंच आहे. तरी हे हाताने लिहिलेलं तुझ्याकडे असावं. तू माझा आहेस, हे असंच राहू दे.
ताई

५ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आईच्या फोनवर मला फक्त हुंदके आणि साधी हा एक शब्द ऐकू आला होता. कोण साधी, काय साधी, काही कळेना. तुझ्या पत्राने खात्री झाली. लॅबमध्ये सगळ्यांना सांगितलं आणि मग कामच होईना, तेव्हा मशीन बंद करून आम्ही सगळे खाली रस्त्यावर चहा प्यायला गेलो. दोन महिन्यांत पहिल्यांदा मला चहाला चव आहे असं वाटलं. परत येताना एकटाच हसत होतो, समोरून येणाऱ्या बाईंनी रस्ता बदलला.

पुढचा स्कॅन होईपर्यंत मी माझ्या कामाला चांगलं म्हणणार नाही. आईला लवकर पाठवू नकोस, आणि फार दिवस ठेवूनही घेऊ नकोस.

आहेस तशीच राहा, आणि मला विसरू नकोस.
तुझा बारक्या

१८ जुलै

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

आज स्कॅन झाला. आत जाण्याआधी तिथल्या तंत्रज्ञाने नेहमीचे प्रश्न विचारले, तोंडात धातू आहे का. मी म्हटलं, नाही, भाऊ आहे. तो बिचारा गोंधळला, मग मी नीट सांगितलं.

दुपारी डॉक्टरीणबाईंनी चित्र लावलं. जीभ, तिच्याखालची जागा, जबडा, सगळं एका नजरेत. कुठेही काळं भगदाड नाही, कुठेही गाठ नाही. त्यांनी सावकाश एकेक काप पुढे सरकवून दाखवला आणि मी प्रत्येकाला मान डोलावली, जसं काही मला त्यातलं कळतं. पुढचा स्कॅन आता वर्षाने. दातांच्या डॉक्टरांनीही बघितलं. एकही दात हललेला नाही, गोंदाचा एकही ठिपका सुटलेला नाही. आता तरी चांगलं म्हण.

तिथून मी सरळ कोर्टात गेले. एका म्हाताऱ्या बाईंची साक्ष होती, त्यांना ऐकायला कमी येतं, त्यामुळे प्रत्येक वाक्य मोठ्याने आणि स्पष्ट सांगावं लागलं. संध्याकाळपर्यंत बोलत होते. शेवटी त्या बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या की आज सगळं समजलं, आणि हसल्या. मीही हसले. घरी येईपर्यंत माझ्या लक्षातही आलं नव्हतं की माझे दोन्ही हात तेव्हा टेबलावर होते.

आई परत जायचं नाव काढत नाही. तुला रजा मिळेल तेव्हा तूच ये, आम्ही दोघी स्टेशनवर येऊ. आता लपवण्यासारखं काही नाही, तेव्हा उत्तर माझ्या घरी पाठव आणि आईला आधी वाचू दे.

तुझ्यावर फार जीव असलेली,
ताई