मालेला जाणाऱ्या खाऱ्या बिस्किटांबाबत माझी शेवटची व्यवस्था

मागच्या सोमवारी, १६ जून रोजी, माझा मुलगा राजकुमार टेपने माझ्या खोलीची मापे घेऊन भिंतीवर पेन्सिलीने लिहीत होता. मी तेव्हा त्याच खोलीत पलंगावर बसलेली होते.

"नवी पॅकिंग मशीन इथंच बसते, याडी," तो म्हणाला. "तू नागपूरहून आली का तुले वरची खोली देतो."

हृदयाचे ऑपरेशन करून आलेल्या आईला जिना! त्याच्या मनात वाईट काही नव्हते, म्हणूनच हे लिहावे लागत आहे. वाईट मनाच्या माणसाला ओरडून भागते.

सबब मी, हंसाबाई सेवादास राठोड, वय ६९, बी.एस्सी., राहणार तांडा, ढाणकीजवळ, तालुका उमरखेड, जिल्हा यवतमाळ, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व स्वतःच्या इच्छेने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. दोन्ही साक्षीदारांनी चार प्रश्न विचारून खात्री केली आहे. त्यातला एक प्रश्न चुकीचा होता, तोही मी दुरुस्त केला. २ जुलैला नागपूरला हृदयाचे ऑपरेशन आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. घर राजकुमार आणि माझी मुलगी वर्षा यांना निम्मे निम्मे. भिंत घालू नये.

२. शेत वर्षाला. त्यात ज्वारीच पेरावी आणि ती आधी आपल्या कारखान्याला द्यावी. माझ्या आईची आरशांची फेटिया-कांचळी, म्हणजे घागरा-चोळी, तीही वर्षाला. ती चौकटीत लावून भिंतीवर टांगू नये. होळीला अंगावर घालावी.

३. माझे दीर लालसिंग यांनी भर तांड्यात विचारले होते, "बाईनं शिकून काय केलं? भाकरच भाजली ना?" त्यांना दर दिवाळीला बिस्किटांचे एक खोके द्यावे. पैसे घेऊ नयेत.

४. आता कारखाना. वर्षा मालदीवच्या माले शहरात नर्स होती तेव्हा मी तिला डब्यात ज्वारीची खारी बिस्किटे द्यायची. परदेशी कागदांवर त्यांना क्रॅकर म्हणतात. तिच्या शेजारची दुकानदार आमिनाथ हिने ती चहाबरोबर खाल्ली आणि आणखी मागितली. त्यातून हा कारखाना उभा राहिला. त्या बेटांवर जवळपास सगळेच खाणे बाहेरून येते. आपला माल ढाणकीहून ट्रकने तुतिकोरीनला, तिथून जहाजाने मालेला, तिथून आमिनाथच्या होड्यांनी लहान लहान बेटांवर जातो. दीड महिना लागतो. आमच्या वाडवडिलांनी बैलांच्या पाठीवर मीठ वाहिले. माल पोचेपर्यंत माल आपला, हा त्यांचा नियम. मी तोच पाळते. समुद्र मी पाहिलेला नाही.

समुद्राची हवा मात्र मी माझ्या खोलीत आणली आहे. प्रत्येक घाण्यातली पाकिटे मी कूलरच्या तोंडाशी, ओल्या हवेत, दोरीवर टांगते. तीन दिवसांनी एक फोडायचे. बिस्किट मोडताना आवाज आला, तर माल जाईल. नाही आला, तर तांड्यात वाटायचा. ही खोली म्हणजे कारखान्याचा भाग आहे, म्हातारीची अडगळ नव्हे. इथे मशीन बसवू नये.

५. चूक कशी झाली तेही लिहून ठेवते. गेल्या वर्षी मे महिन्यात राजकुमारने पातळ प्लास्टिक आणले. पाकीट फोडून महिनाभर स्वयंपाकघरात ठेवले. बिस्किट कुडकुडीतच!

"पाहून घे," तो म्हणाला. "कूलरपुढं कायले टांगते? समुद्र काय कूलरवानी रायते?"

"तू तरी कुठं पाह्यला समुद्र?" मी विचारले.

आपल्या मे महिन्यात उघड्यावर ठेवलेला भिजलेला टॉवेलसुद्धा कुडकुडीत होतो, हे मी त्याला सांगायला हवे होते. मी गुडघ्याला तेल लावत बसले आणि होकार दिला. म्हणून निम्मी चूक माझी. दीड महिन्याने आमिनाथचा फोन आला. ती हिंदी माझ्यापेक्षा बरी बोलते.

"दीदी, बिस्कुट रुमाल हो गया. एक बार और रुमाल भेजा, तो मैं दूसरे मुल्क से मँगवाऊँगी."

तिचे बरोबर आहे. आणखी एक खेप मऊ गेली की माले बंद. माले बंद झाली की आपल्याकडच्या अकरा बाया पुन्हा मुलेबाळे घेऊन ऊसतोडीला जातील. या मृत्युपत्रात याहून मोठी मिळकत नाही.

६. माझ्या दिवंगत नवऱ्याने, सेवादासने, एसटीच्या कार्यशाळेतून घरी आल्यावर रात्री जागून केलेला खिळ्यांचा रूळ, ज्याने बिस्किटांना भोके पडतात, तो राजकुमारला. भट्टी, कणकेची मशीन, सगळी यंत्रे त्याच्याच देखरेखीखाली राहावीत. बापाचा हात त्याच्यात उतरला आहे. फक्त घाई बापाची नाही. ती माझी आहे.

७. या मे महिन्यात मी यवतमाळच्या दवाखान्यात आठ दिवस होते. राजकुमारने पातळ प्लास्टिकचा उरलेला रोल संपवून टाकायचे ठरवले आणि ट्रक भरला. माझी सून संगीता हिने कोणाला न विचारता त्यातली पाकिटे कूलरपुढे टांगली होती. ट्रक सुरू झाला तेव्हा ती फाटकात उभी राहिली. हे मला भट्टीवरच्या बायांनी जसेच्या तसे सांगितले.

"मधात काहून उभी हायेस? ट्रक निघू राह्यला!" राजकुमार ओरडला.

"पाकीट मऊ हाय. मी जाऊ नाही देत."

"तुले कोणं इचारलं?"

"इचारलं नाही म्हणून तर उभी हावो."

लोक हसले. ट्रक रिकामा झाला. राजकुमार दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी तीच मऊ बिस्किटे चहात बुडवून खाल्ली.

संगीताला मी बारा वर्षे "हळू हाताची" म्हणत आले, पाहुण्यांसमोरसुद्धा. ती प्रत्येक पाकिटाची शिवण दाबून पाहते, म्हणून तिला वेळ लागतो. तो शब्द मी इथे मागे घेते.

८. कारखान्याची मालकी राजकुमार व संगीता यांची समसमान. माल जाईल की नाही, हे एकटी संगीता ठरवील. तिच्या नकारावर नवरा, नणंद, तांड्याचे नायक, कोणीही अपील करू नये. माझी खोली व कूलर तिच्या ताब्यात. कलम ८ मोडले तर कारखान्यातला राजकुमारचा हिस्सा वर्षाला जाईल. अंमलबजावणी वर्षा करील.

ठिकाण : तांडा, ढाणकीजवळ. दिनांक : २४ जून २०२५.

सही : हंसाबाई सेवादास राठोड

आमच्या दोघांदेखत त्यांनी सही केली व त्यांच्यादेखत आम्ही :
१. देवीलाल चव्हाण, निवृत्त शिक्षक
२. भीमसिंग जाधव, शेतकरी

ताबा दिल्याची नोंद, त्याच दिवशी, दुपारी चार :

कलम ८ साठी माझ्या मरणाची वाट पाहण्यात अर्थ नाही. पुढचा ट्रक गुरुवारी आहे. म्हणून संगीताला आजच दिले : खोलीची किल्ली, टांगायची दोरी व चिमटे, घाण्यांच्या तारखांची वही, आमिनाथचा फोन नंबर. राजकुमार हजर होता. "मापं खोडू का मंग?" एवढेच बोलला, आणि खोडली.

ताबा घेतल्यावर संगीताने शिवणी दाबून गुरुवारचा माल तपासला. तीन खोकी बाजूला काढली. ती तिन्ही मी काल पास केलेली होती. मी एक पाकीट फोडून पाहिले. आवाज आला नाही.

तीन खोकी परत. ताबा मिळाला : संगीता राजकुमार राठोड. ताबा दिला : हंसाबाई.